परसातलं भेकर

आमच्या परसाच्या वरच्या बांधावर एक काटेसावर आहे. माघ संपता संपता तिच्यावर एकही पान उरत नाही, नुसती लाल फुलं. पहाटे ती जाडजूड फुलं पाचोळ्यावर पडली की ‘टप्प’ असा चांगला आवाज होतो, आणि थोड्या वेळाने रानातून भेकर उतरतं. एकटंच असतं. दोन पावलं टाकतं, थांबतं, पुढचा एक पाय हवेतच धरून कान फिरवतं. मग फूल तोंडात घेतं आणि मान वर करून चावतं. एकदा मी तीसेक पावलांवर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो होतो. फूल खाऊन झालं तरी एक लाल पाकळी त्याच्या ओठाला चिकटून होती. त्याने लांबलचक जीभ काढली, पाकळी ओढून घेतली आणि त्याच जिभेने डोळ्याखालची फट पुसली. भेकराची जीभ डोळ्यापर्यंत पोचते हे मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या सकाळी.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. बांध संपला की रान सुरू. अशा गावांत आता शहरातून परत आलेली, निवृत्तीनंतर घर बांधलेली माणसंही राहतात, आणि त्यांच्याकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : आमच्या परसात हरीण येतं, त्याच्याशी मैत्री करायची आहे, त्याला काय खायला घालू?

काहीही घालू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या कोटीपोटात पाला, अंकुर, फुलं, रानफळं पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते, आणि ती वस्ती त्या त्या ऋतूच्या चाऱ्याला सरावलेली असते. त्यात अचानक तांदूळ, मका, पाव, पोळी, पीठ पडलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावू शकतं. शेळ्या पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री दाव्यातून सुटून धान्याच्या पोत्यात तोंड घातलेली शेळी सकाळी कशी आढळते, हे गावात बहुतेकांनी पाहिलेलं असतं. हरणाच्या बाबतीत फरक इतकाच की ते रानात जाऊन मरतं. आपल्याला कळतही नाही, आणि ‘हल्ली येत नाही बुवा’ एवढंच आपण म्हणतो.

इथे आलो त्या पहिल्या वर्षी मीही बांधावर तांदळाची कणी ठेवली होती. भेकर तिकडे फिरकलंच नाही. चौथ्या रात्री रानडुकरं आली आणि त्यांनी सुरणाचा अख्खा वाफा उकरून टाकला. शेजारचे तात्या सकाळी येऊन वाफ्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, “भाऊ, तुम्ही एकाला जेवायला बोलावलंत, पण रानात जेवणाचा सुवास एकालाच येत नाही.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, तरी मला कळलं. रोज ठरावीक जागी डुकरं आणि हरणं जमायला लागली की त्यांच्यामागून बिबट्या येतो. तो घराशी आला की कुत्रं जातं, वासरू जातं, आणि मग सगळा गाव रानावर उठतो.

मिठाचा खडा ठेवायचा सल्ला काही जण देतात. हरणांना मीठ आवडतं हे खरं. पण गाईगुरं आणि हरणं एकाच जागी चाटायला लागली तर लाळ-खुरकुतासारखे रोग इकडून तिकडे जातात. शिवाय मिठाच्या जागेवर दबा धरून बसणं ही शिकाऱ्यांची फार जुनी युक्ती आहे. तुम्ही मांडलेली जागा उद्या दुसराच कोणी वापरील.

आता मैत्री या शब्दाबद्दल. हरीण हातातून खायला लागलं, अंगाला हात लावू द्यायला लागलं, म्हणजे मैत्री झाली असं आपल्याला वाटतं. पण हरणाला ‘अमुक माणूस चांगला, तमुक वाईट’ इतकी निवड करता येत नाही. तुमच्या दारात त्याची भीड चेपली की ती सगळ्यांच्याच बाबतीत चेपते, आणि फास लावणाराही माणूसच असतो. लहानपणापासून माणसात वाढलेला नर तर पुढे माणसालाच धोकादायक ठरतो. वयात आल्यावर तो माणसाला आपल्या हद्दीतला दुसरा नर समजतो आणि शिंगं रोखतो. म्हणून मी मैत्रीची खूण वेगळी धरतो. मी बसलेलो आहे हे भेकराला ठाऊक आहे, आणि तरीही त्याने मान खाली घालून खाणं चालू ठेवलं आहे. एवढं झालं की मला पुरे. त्याहून जवळ त्याने येऊ नये अशीच माझी इच्छा असते.

तुमच्याकडे येतं ते नक्की कोण, हे आधी ओळखा. ‘हरीण’ म्हणून आपण सगळ्यांनाच हाक मारतो, पण प्रत्येकाचं वागणं निराळं. ज्यांची शिंगं दरवर्षी झडून नवी येतात ते चितळ, सांबर, भेकर हे सारंग कुळातले. ज्यांची शिंगं जन्मभर टिकतात ते काळवीट, चिंकारा, चौसिंगा, नीलगाय हे कुरंग. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या माळावर तुमचं शेत असेल तर ज्वारीत दिसणारा कळप काळवीटांचा असणार. १९८० साली त्यांच्यासाठी राखलेलं रेहेकुरीचं अभयारण्य जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, तेव्हा कळप शेतांत येणारच. विदर्भात जंगलालगत घर असेल तर चितळ येईल, आणि बहुधा वानरांच्या मागोमाग येईल. वानरं झाडावर अर्धवट खाऊन पाला, फळं खाली टाकतात, ते चितळांना आयतं मिळतं. वानरांची नजर उंचावरून आणि चितळाचं नाक जमिनीवरून पहारा करतं. आवारातल्या झाडांवर वानरांची टोळी उतरली की पत्रे वाजवायच्या आधी झाडाखाली एकदा बघून घ्या.

कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र परसात येणारं बहुतेक वेळा भेकरच असतं. खांद्याशी दोन फुटांच्या आसपास उंची, वजन वीस-पंचवीस किलो, रंग तांबूस. पाठ थोडी पोक काढल्यासारखी, कारण मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच. नराच्या शिंगांचे खुंट केसाळ आणि लांब असतात, त्यावर वीतभरही नसलेली शिंगं. खुंटांपासून दोन काळ्या रेघा कपाळावर उतरतात, त्या समोरून इंग्रजी ‘व्ही’सारख्या दिसतात. मादीला शिंगं नसतात, त्या जागी केसांचे छोटे झुपके असतात. नराच्या वरच्या ओठाबाहेर दोन सुळे डोकावतात. ते शोभेचे नव्हेत, अंगावर आलेल्या कुत्र्याला भेकर त्या सुळ्यांनी फाडू शकतं.

प्रत्यक्ष दिसण्याआधी त्याच्या खुणा दिसतात, आणि मला त्या वाचण्यात जास्त गोडी वाटते. पावसाळ्यानंतर पाटाच्या कडेला ओल्या मातीत बघा. खुराचा ठसा अंगठ्याच्या पेराएवढा, पुढे टोकदार. शेळीचा खूर टोकाला बोथट उमटतो. मग आजूबाजूची रोपं बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत धरून ते पाला ओढून तोडतं, त्यामुळे देठाचं टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं दिसतं. सशाला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात, तो चाकूने कापावं तसा तिरका, स्वच्छ छेद देतो. मिरचीची रोपं कोणी खाल्ली याचा निवाडा या एका निरीक्षणावर होतो. आमच्याकडे कित्येक दिवस भेकराच्या नावावर मांडलेला माल सशाने खाल्लेला निघाला.

आता ते येत राहावं म्हणून काय करायचं? जागा जपायची. उंबर, आवळा, काटेसावर, भोकर, जांभूळ यांपैकी जी झाडं बांधावर आहेत ती तोडू नका. नसतील तर पावसाच्या तोंडावर लावा, पण घरापासून जमेल तितकी लांब, रानाच्या बाजूला. पडलेली फुलं-फळं झाडून गोळा करू नका. रान आणि परस यांच्यामध्ये करवंदाची, निरगुडीची जाळी असेल तर ती ठेवा. भेकर उघड्यावर फार वेळ थांबत नाही. एका उडीत आत शिरता येईल असा आडोसा पाठीशी असला तरच त्याचं मन थाऱ्यावर राहतं. नवीन घर बांधणारे लोक पहिल्यांदा काय करतात, तर जेसीबी लावून सगळं आवार साफ करतात आणि मग हिरवळ लावून हरणाची वाट बघतात. त्या सपाट हिरवळीवर ते येणार नाही.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो आणि वैशाखात ओढे कोरडे पडतात. त्या दिवसांत रानाच्या कडेला पाण्याची सोय केली तर मी तिला चूक म्हणणार नाही, पण ती काळजीने करा. उभ्या भिंतीची टाकी नको, परातीसारखा उथळ, सगळ्या बाजूंनी उताराचा खळगा हवा, म्हणजे पिल्लू किंवा साळुंकी आत पडली तरी बाहेर येईल. खळगा घराच्या अंगणात नको, नजरेच्या टप्प्यात पण लांब असावा. आठवड्यातून दोनदा रिकामा करून घासा. गुरांना तिथे सोडू नका. पहिला पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं, की बंद करा.

बघायला बसायचं ते पहाटे किंवा दिवस कलल्यावर. जागा एकच ठरवा आणि बदलू नका. भिंत, झाडाचा बुंधा, गवताची उडवी अशा कशाला तरी पाठ टेकलेली असावी, म्हणजे आपली आकृती आकाशावर उमटत नाही. कपडे मातकट, वापरून मऊ झालेले. हरणांच्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, पण निळ्याकडचे रंग आणि अतिनील किरणांचा काही भाग त्यांना दिसतो. धुण्याच्या पावडरीत कपडे चमकवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे आपला पांढराशुभ्र सदरा त्यांना मळक्या उजेडात नको इतका झळकतो. अत्तर, साबण, विडी-सिगारेट, डास पळवणारी उदबत्ती हे सगळं वर्ज्य.

डोळ्यांपेक्षा नाकाचा हिशेब मोठा. आमच्याकडे पहाटे डोंगरावरची गार हवा खाली वाहते, मतलई वाऱ्याच्याच दिशेने. भेकर वरून येतं, मी खाली बसतो, म्हणजे त्याचा वास माझ्याकडे आणि माझा वास गावाकडे. पण उन्हाने उतार तापला की हवा उलटी वर चढायला लागते. आठ-साडेआठच्या सुमाराला अगदी निवांत चरणारं भेकर एकाएकी मान वर करून निघून जातं, तेव्हा आवाज कोणी केलेला नसतो, वारा फिरलेला असतो. चिमूटभर चुलीतली राख खिशात ठेवा. बसायच्या आधी चिमटीतून सोडून बघा ती कुठे जाते. तुमचं घर डोंगराच्या वरच्या अंगाला असेल तर हे सगळं उलटं मांडावं लागेल, म्हणून माझं ऐकण्यापेक्षा राखेचं ऐका.

पहिले आठ-दहा दिवस काही दिसणार नाही. ते त्याचे दिवस असतात, तुमचे नव्हेत. ते जाळीतून तुम्हाला बघत असतं. हा माणूस रोज याच वेळी येतो, याच ठिकाणी बसतो, उठून मागे लागत नाही, एवढं त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. मोबाइल घरी ठेवा. खोकला आला तर खुशाल खोका, दाबून धरलेल्या खोकल्याची हालचाल जास्त दिसते. आणि दिसलं की टक लावून बघू नका. रोखलेले डोळे शिकारी जनावराचे असतात. नजर थोडी बाजूला ठेवायची, पापण्या अर्ध्या मिटायच्या, हे हळूहळू जमतं.

ते निवांत आहे की घाबरलेलं, हे कळायला लागलं की बघण्यात खरा रस येतो. शेपटी खाली, एक कान पुढे एक मागे, मान खाली, मधूनच रवंथ म्हणजे सगळं ठीक. चरता चरता थबकून दोन्ही कान तुमच्यावर रोखले तर श्वाससुद्धा हळू घ्या. पुढचा खूर आपटला की त्याला शंका आली आहे. कधी कधी ते मान खाली घालून चरायला लागल्याचं सोंग करतं आणि एकदम वर बघतं. तुम्ही हललात का हे त्याला पाहायचं असतं. शेपटी वर उचलून खालचा पांढरा भाग दिसला की संपलं, त्या दिवसापुरतं ते गेलं. अशा वेळी मागे जाऊन ‘आणखी एकदा बघू’ म्हणू नका. तुमच्यामुळे महिन्यातून दोनदा-तीनदा शेपटी वर झाली तर तुम्ही फार जवळ बसता आहात, दहा पावलं मागे सरका.

आणि त्याचा आवाज. अंगाने एवढंसं जनावर इतकं मोठ्याने भुंकतं यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. घोगऱ्या कुत्र्यासारखा, एकेक सुटा. काहीतरी संशयास्पद दिसलं, वास आला, पण नेमकं काय ते कळलं नाही, की भेकर भुंकायला लागतं, आणि कधी कधी तासभर भुंकत राहतं. रात्री असं लागोपाठ भुंकणं ऐकू आलं तर आमच्या वाडीत कोणी काही न बोलता उठून गोठ्याचं दार नीट लावलं आहे ना बघून येतं. बिबट्याची वर्दी देणारा एवढा भरवशाचा शेजारी दुसरा नाही. फक्त टॉर्च घेऊन आवाजाच्या दिशेने जाऊ नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की हरीण जागच्या जागी खिळतं, आणि त्याच क्षणी मागच्या जनावराचं फावतं.

कुत्र्यांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी वाडीतल्या चार मोकाट कुत्र्यांनी एका मादीला दुपारी ओढ्यापर्यंत पळवलं. आम्ही धावत गेलो, कुत्री हाकलली. अंगावर एक ओरखडाही नव्हता. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. थोड्या वेळाने पाय ओढत जाळीत गेली. वाचली म्हणून आम्हाला समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच जाळीत ती मेलेली सापडली. वनविभागाबरोबर आलेल्या पशुवैद्यांनी सांगितलं की जीव तोडून पळाल्यावर, किंवा धरून ठेवल्यावर, हरणाचे स्नायू आतून निकामी होत जातात आणि तासांनी, कधी दिवसांनी ते मरतं. जखम लागत नाही, धसका पुरतो. हरणाला हौसेने धरायचं नाही, घेरायचं नाही, पोरांना त्याच्यामागे धावू द्यायचं नाही, याचं कारण त्या दिवशी मला पुरतं कळलं. परसात हरीण हवं असेल तर आपलं कुत्रं पहाटे आणि संध्याकाळी बांधून ठेवा. वाडीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागा. खरकटं उघड्यावर टाकू नका, मोकाट कुत्री त्यावरच वाढतात.

दुसरी गोष्ट विहिरी. कठडा नसलेली विहीर हा रानाच्या कडेचा सगळ्यात मोठा सापळा आहे. रात्री पळताना हरीण थेट आत जातं. कठडा बांधणं परवडत नसेल तर निदान बांबूचा ताटवा आणि वर जाळी टाका. तिसरी गोष्ट जाळ्यांची. आमच्याकडे भाजीच्या वाफ्याला मासेमारीची जुनी जाळी गुंडाळायची पद्धत आहे, फुकट मिळते म्हणून. नराची शिंगं त्यात अडकली की तो जितका झटके देतो तितका गुंडाळला जातो. सापही अडकून मरतात. त्यापेक्षा चिवारीचा कूड घाला, किंवा जाळी वापरायचीच तर ताणून, कडक बसवा, लोंबती ठेवू नका. कुंपणात घरगुती वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसंही मेली आहेत. झटका देऊन लांब ठेवणारं सौरकुंपण वेगळं. त्याला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

भात कापून झाल्यावर जमिनीत कुळीथ, पावटा, वाल उगवून आला की भेकर त्यात उतरणारच. ज्याचं पोट त्या वालावर आहे त्याला ‘तुम्ही हरणांवर प्रेम करा’ असं मी कधी म्हणत नाही. नुकसान झालं तर फोटो काढा आणि दिवस न घालवता वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईच्या सरकारी कागदांत ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असं लिहिलेलं असतं, त्यात आपलं भेकर येतं का म्हणून गोंधळू नका, येतं. ज्यांना हरीण बघायची हौस आहे त्या आपल्यासारख्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, कार्यालयापर्यंत त्याच्याबरोबर जावं. मी जातो. शेजारी नाराज असेल तर तुमच्या परसातलं भेकर फार दिवस जगत नाही.

पिल्लांचं नीट ऐका. भेकराची मादी साधारण सात महिन्यांनी एकच पिल्लू देते, आणि त्याला ठरलेला हंगाम नसतो, वर्षात केव्हाही देते. पहिले काही दिवस पिल्लू गवतात निपचित पडून राहतं आणि आई चरायला लांब जाते. ती मुद्दामच लांब राहते, तिच्या वासावर शिकारी जनावर पिल्लापर्यंत येऊ नये म्हणून. अशा वेळी एकटं पिल्लू सापडलं की लोक ‘अनाथ आहे’ म्हणून उचलून आणतात. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात गवत कापणाऱ्या बायकांनी असंच एक पिल्लू टॉवेलात गुंडाळून आमच्या ओटीवर आणलं. ठिपके असलेलं, मांजराएवढं, हाताखाली त्याचं काळीज फडफडत होतं. घरातल्या वहिनी दूध तापवायला उठल्या, त्यांना थांबवलं. कुठे सापडलं ते विचारलं आणि ज्या बाईला सापडलं तिलाच बरोबर घेऊन ते त्याच गवतात, त्याच जागी ठेवलं. त्या पट्ट्याची कापणी दोन दिवस थांबवली. संध्याकाळी मी बरंच लांब, फणसाच्या मागे बसलो. अंधार पडता पडता मादी आली. हुंगलं, चाटलं, आणि पिल्लू तिच्यामागे उठून चालायला लागलं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिने टाकलं नाही. गवत कापण्याआधी, आणि चैत्र-वैशाखात भाजावळीला आग लावण्याआधी, शेतातून एक फेरी मारायची, पिल्लू आहे का बघायचं, हे तेव्हापासून आमच्या वाडीत सगळे पाळतात.

पिल्लू घरी ठेवून वाढवणं तर कायद्यानेच मना आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, मागे लागून हाकणं हेही तिच्यात येतं. बांधावर झडलेलं शिंग सापडलं तर तेही दिवाणखान्यात लावायला आणू नका, वनविभागाला कळवा.

फोटो काढावेसे वाटतात, काढा. झाडाला बांधायचा स्वयंचलित कॅमेरा आपल्या जमिनीत लावला तर माणसाच्या उपस्थितीशिवाय रात्रीचं कितीतरी दिसतं. पण फोटो पाठवताना जागेचं नाव, खुणेचं झाड, वेळ लिहू नका. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर तर नकोच. मी एक वही ठेवतो : तिथी, वेळ, वारा, नर की मादी, काय खाल्लं, किती वेळ थांबलं. उजव्या कानाला चीर असलेली एक मादी तिच्यात पाच वर्षं आहे. ती उंबराखाली केव्हा यायला लागते त्यावरून मला उंबर पिकल्याचं कळतं.

रानातून आल्यावर आपल्या अंगावर गोचीड आहे का ते बघा, विशेषतः सिंधुदुर्गातल्या वाचकांनी. दोडामार्ग भागात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. अंगभर कपडे घाला आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा.

कधी जखमी हरीण दारात आलं, विहिरीत पडलं, जाळ्यात अडकलं, तर १९२६ हा वनविभागाचा क्रमांक फिरवा. तोवर त्याला पाणी पाजू नका, तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. पाय बांधू नका. जमेल तर लांबूनच एक जाड कापड त्याच्या डोळ्यांवर टाका, अंधार झाला की ते बरंच शांत होतं. मग गाडी येईपर्यंत तुमचं एकच काम : वाटेत उभं राहून माणसं, मोबाइल आणि कुत्री यांतलं काहीही त्याच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. पाहुणे रागावतील, पोरं रडतील, सरपंच येऊन ‘जरा बघू द्या की’ म्हणतील. त्यांनाही तिथूनच परत पाठवायचं.